भाऊसाहेबांचा तोतया आणि शोकाची साक्ष

पानिपतच्या तिसऱ्या युद्धाविषयीं मराठींत जें लिहिलें गेलें आहे तें एकत्र केलें तर एक लहानसें ग्रंथालय होईल. राजवाड्यांनीं १८९८ सालीं आपल्या साधनांचा पहिला खंड काढला तेव्हांपासून शेजवलकरांच्या १९४६ च्या ग्रंथापर्यंत, आणि त्यानंतरही, पराभवाचीं कारणें, रसदेची तूट, होळकरांचें वर्तन, गोलाची लढाई यांचा कीस काढण्यांत आमच्या संशोधकांनीं कसूर केलेली नाहीं. युद्धाच्या मागून पंधरा वर्षांनीं उद्भवलेल्या तोतयाच्या प्रकरणाकडे मात्र दोनच दृष्टींनीं पाहण्याची वहिवाट पडली आहे. एक पक्ष तें निव्वळ राजकारण म्हणून वाचतो; राघोबादादांचे पक्षपाती, बारभाईंवर रुष्ट झालेले अंमलदार, आणि मुंबईकर इंग्रजांकडे लागलेले डोळे एवढीं सूत्रें हातीं आलीं कीं त्याचें समाधान होतें. दुसरा पक्ष तें एक चमत्कारिक हकीकत म्हणून वाचतो व हंसून पुढें जातो. दोन्ही वाचनांत मूळ प्रश्न तसाच राहतो. एक कनोजी ब्राह्मण, ज्यास धड दक्षिणी बोलीचें वळण नव्हे कीं पेशव्यांच्या घरच्या चालीरीति ठाऊक नव्हेत, तो आपला मेलेला धनी आहे असें हजारों शहाण्यासुरत्या माणसांनीं कां मानावें? राजकारणानें पुढाऱ्यांचा खुलासा होतो. त्यांच्यामागें चालणाऱ्यांचा होत नाहीं.

प्रस्तुत लेखकाच्या मतें ह्या प्रश्नाचें उत्तर शोकांत आहे, आणि विशेषतः त्या एका प्रकारच्या शोकांत कीं ज्यास प्रेत पाहावयास मिळालेलें नसतें. मृतांचे निरोप आणणारे भगत, देवऋषी, आणि अलीकडच्या काळांतील प्लँचेटवाले ज्या जमिनींत पीक काढतात त्याच जमिनींत हा तोतया उगवला. म्हणून ह्या प्रकरणाचीं साधनें त्या दृष्टीनें पुन्हां एकदां तपासून पाहणें उचित वाटतें.

प्रथम मृत्यूचा पुरावा. १४ जानेवारी १७६१ रोजीं दोन प्रहरांनंतर विश्वासराव पडले व भाऊसाहेब गर्दींत शिरले, एवढ्यावर सर्वांचें एकमत आहे. पुढें काय झालें ह्याविषयीं जो वृत्तांत सर्वांत अधिक आधारास घेतला जातो तो काशिराज पंडिताचा. हा गृहस्थ सुजाउद्दौल्याच्या पदरीं असून युद्धाच्या वेळीं छावणींत हजर होता. त्याच्या फारसी वृत्तांताचा जेम्स ब्राउन यानें केलेला इंग्रजी तर्जुमा ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या तिसऱ्या खंडांत छापला गेला. काशिराज म्हणतो कीं, रणांगणावर एक शिर नसलेलें धड सांपडलें. तें अंगावरील खुणांवरून ओळखण्यांत आलें. शिर एका दुराणी स्वारानें दडविलें होतें तें मागाहून मिळालें. व दोहोंस अग्निसंस्कार झाला. खुणांत पाठीवरील जखमेचा वण मुख्य. मुजफ्फरखान गारद्यानें पूर्वीं भाऊसाहेबांवर कट्यार चालविली होती तिचा तो वण होय. पायावरील शुभ रेषांचाही उल्लेख आहे.

हा पुरावा सामान्यतः निर्णायक समजला जातो, व मृत्यु झाला एवढ्यापुरता तो आहेही. परंतु साधन-परीक्षकानें एक गोष्ट विसरूं नये. काशिराजानें हें टिपण १७८० सालीं लिहिलें; म्हणजे युद्धास एकोणीस वर्षें व तोतयाच्या देहदंडास चार वर्षें लोटल्यावर. धड कोणाचें, शिर कोठें गेलें, वण कोणता, रेषा कोणत्या, ह्या तपशिलाचा जो अट्टाहास त्या लेखांत दिसतो तो ओळख पटविण्याचा वाद एकदां देशभर गाजून गेल्यानंतरच्या माणसाचा आहे. काशिराज खोटें लिहितो असें आम्ही म्हणत नाहीं. त्यास पुण्याच्या तंट्यांत कांहीं घेणेंदेणें नव्हतें. परंतु १७६१ च्या वसंतांत शनिवारवाड्यांत बसलेल्या माणसांच्या हातीं हा सुव्यवस्थित वृत्तांत नव्हता, ही गोष्ट ध्यानीं धरल्यावांचून त्यांच्या वागणुकीचा न्याय करतां येणार नाहीं. त्यांच्या हातीं होत्या सावकारी पत्रांतील सांकेतिक ओळी, पळून आलेल्यांच्या तुटक जबान्या, आणि नर्मदेच्या वाटेवरून येणाऱ्या अफवा. नानासाहेब पेशवे त्याच वर्षीं २३ जून रोजीं पर्वतीवर निवर्तले. कर्ता पुरुषच शोकानें गेला, तेथें शोकाची व्यवस्था लावणार कोण?

आतां पार्वतीबाई. ही बाई पेणच्या कोल्हटकरांची कन्या. खाडीच्या कांठीं, मिठागरांच्या आणि भातखाचरांच्या मुलुखांत जिचें माहेर, ती पतीबरोबर थेट पानिपतापर्यंत गेली. पळापळींत जानू भिंताड्यासारख्या इमानी माणसांच्या सोबतीनें वांचली. आणि दक्षिणेंत परतली ती सौभाग्यचिन्हें तशींच ठेवून. पतीचें प्रेत तिनें पाहिलें नाहीं, आणि पाहिलें अशी शपथ वाहणारा कोणी तिच्या पुढें उभा राहिला नाहीं. तिनें कुंकू पुसलें नाहीं. घरच्यांनीं तिला पुसावयास लावलें नाहीं. भाऊसाहेबांची उत्तरक्रिया झाली नाहीं. ती क्रिया झाली ती पार्वतीबाई १७८३ सालीं वारली तेव्हां, तिच्या बरोबरच. म्हणजे बावीस वर्षें पेशव्यांच्या घरांत, सरकारी रीतीनें, भाऊसाहेब मेले नव्हते.

ही गोष्ट लिहिणारे लेखक बहुधा पातिव्रत्याच्या स्तुतीवर थांबतात. स्तुतीस आमची हरकत नाहीं. परंतु येथें धर्मशास्त्राचा एक मुद्दा आहे तो कोणी उचललेला आमच्या वाचनांत नाहीं. परदेशीं गेलेल्या व वार्ता तुटलेल्या माणसाचें काय करावें ह्याची तरतूद आमच्या निबंधकारांनीं फार पूर्वींच करून ठेविली होती. कमलाकरभट्टाचा निर्णयसिंधु १६१२ चा. काशिनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु १७९० च्या सुमाराचा. बेपत्ता माणसाची वाट पाहण्याच्या बारा, पंधरा, वीस वर्षें अशा मुदती त्याच्या वयोमानाप्रमाणें येतात. मुदत सरल्यावर पळसाच्या पानांच्या तीनशें साठ देंठांचा पुतळा करून, मस्तकाच्या जागीं नारळ ठेवून, त्यास यथाविधि अग्नि द्यावा असें सांगितलें आहे. ह्याहूनही सूक्ष्म म्हणजे, असा संस्कार झाल्यानंतर तो माणूस जिवंत परत आला तर काय करावें हेंही लिहून ठेविलें आहे: त्यास घृतस्नान घालावें, जातकर्मापासून संस्कार पुन्हां करावे, आणि त्यानें आपल्याच पत्नीशीं फिरून लग्न लावावें. शास्त्रकारांस आशेचें बळ पूर्ण ठाऊक होतें. त्यांनीं आशेस मना केली नाहीं; तिला मुदत घातली, आणि मुदतीनंतरही परतीचा एक दरवाजा ठेविला. इंग्रजी अमदानींत १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें ही मुदत सात वर्षांची केली व २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमानेंही ती कायम ठेविली आहे. परंतु तें मालमत्तेचें व हक्काचें अनुमान. शोकाचें काम त्यानें होत नाहीं.

पेशव्यांच्या घरीं शास्त्र्यांचा तोटा नव्हता. भाऊसाहेब १७३० चे, पानिपतीं तिशींत. वीस वर्षांची अत्यंत लांब मुदत धरली तरी ती १७८१ मध्यें सरत होती, आणि बारांची धरली तर १७७३ मध्येंच. तरीही पुतळा जाळला गेला नाहीं. हें सौजन्य होतें, दया होती, कदाचित् थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत चुलतीविषयींचा आदर होता; पण तिचा एक परिणाम कोणी मनांत आणला नाहीं. ज्या घरांत धनीण कपाळीं कुंकू लावून बसली आहे त्या घरचा धनी जिवंत आहे, असें रयतेनें समजावें यांत रयतेची चूक कोणती? तोतयाजवळ सनद नव्हती, शिक्का नव्हता. पार्वतीबाईचें सौभाग्य हाच त्याचा पहिला दाखला होता, आणि तो त्यास सरकारवाड्यानेंच लिहून दिला होता.

तोतयाची कथा सर्वज्ञात आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. सुखनिधान नांवाचा हा कनोजी ब्राह्मण उत्तरेकडे भाऊसाहेब म्हणवूं लागला. माधवरावांच्या कारकीर्दींत तो हातीं आला, त्याची चौकशी होऊन तो लबाड ठरला, आणि किल्ल्यांवर कैदेंत राहिला. शेवटची कैद रत्नागिरीस. १७७६ सालीं तेथील अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यानें त्यास सोडविलें आणि त्याच्या नांवानें द्वाही फिरविली. पाहतां पाहतां कोंकण त्याच्याकडे झालें. ग्रँट डफ वीस हजार लोकांचा आकडा देतो. त्यांतून कांहीं वजा केले तरी उरतात ते थोडे नव्हेत. बोरघाटापर्यंत त्याची फौज आली. मग महादजी शिंदे व भिवराव पानसे यांच्या फौजांनीं त्याचा मोड केला, आणि तो कुलाब्याच्या किनाऱ्याकडे, मुंबईस निसटण्याच्या बेतानें, पळाला. तेथें राघोजी आंग्र्यांनीं त्यास पकडलें व पुण्यास पाठविलें. डिसेंबर १७७६ मध्यें त्यास देहांत शासन झालें.

ह्यांत कुलाब्याचा भाग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. ओहोटीच्या वेळीं अलिबागेच्या वाळवंटांतून पायीं ज्या किल्ल्यांत जातां येतें, त्याच्या धन्यापुढें हा माणूस आला तेव्हां दोन मार्ग मोकळे होते. समुद्रापलीकडे मुंबईस इंग्रज होते. त्यांच्याकडे जाऊं दिलें असतें तर राघोजीस पुणें दरबाराशीं सौदा करण्यास एक नवें प्यादें मिळालें असतें. त्यानें तसें केलें नाहीं. ह्यांत स्वामिनिष्ठा किती व हिशेब किती हें ज्याचें त्यानें ठरवावें. आमचा मुद्दा निराळा. राघोजी १७५९ पासून कुलाब्याच्या गादीवर होता. पेशव्यांच्या घराण्याशीं आंग्र्यांचें वैरही होतें व सोयरगतीसारखा घरोबाही. भाऊसाहेबांच्या मरणानें त्याच्या घरीं कोणी रडलें नव्हतें. ज्याचें कांहीं हरवलें नव्हतें त्याच्याच हातून तोतया धरला गेला.

आतां ओळख कशी पटते ह्या प्रश्नाकडे येऊं. शोकग्रस्त माणूस परक्या माणसास आपला म्हणून ओळखतो तेव्हां ओळखीचें सारें काम तो स्वतःच करीत असतो. तो विचारतो, ‘तुम्हांस तो गारद्याचा वार आठवतो का?’ आणि प्रश्नांतच उत्तर देऊन बसतो. समोरच्यानें डोळे पुसले, मान हलविली, कीं काम झालें. पुढच्या माणसास तीच हकीकत हा तोतया स्वतःहून सांगतो, आणि तो माणूस म्हणतो, ‘ही गोष्ट तर बाहेरच्यास ठाऊक असणेंच शक्य नाहीं.’ रत्नागिरीच्या कैदेंतही पहारेकरी, भेटीस आलेले जुने शिलेदार, पानिपतांत बाप-भाऊ गमावलेलीं माणसें, हींच त्याची पाठशाळा. बोली अशुद्ध कां, तर कैदेनें. चेहरा निराळा कां, तर हालअपेष्टांनीं. मागचें आठवत कां नाहीं, तर त्या दिवसाच्या भयंकर दृश्यानें. प्रत्येक विसंगतीस शोक स्वतःच सबब पुरवितो. अपेशी उत्तर म्हणून उरतच नाहीं.

मृतांचे निरोप सांगणाऱ्यांचा धंदा ह्याच रीतीनें चालतो. ‘पांढऱ्या केंसांची कोणी बाई दिसते, नांव सकारानें आरंभतें असें वाटतें,’ एवढें म्हटलें कीं समोरची मुलगी हुंदका देऊन म्हणते, ‘सावित्रीआत्या!’ आणि घरीं गेल्यावर तिला खात्रीनें स्मरतें कीं, नांव त्यानेंच सांगितलें होतें. आमच्या कोंकणांत भगताच्या अंगांत वारें येतें, देवीपुढें फुलांचा कौल लागतो, देवऋषी तांदळाचे दाणे पाहून ‘घरांतलें कोणीतरी पाण्यांत गेलें आहे’ असें सांगतो. किनाऱ्यावरच्या गांवीं हें वाक्य कोणत्या घरीं खोटें पडणार?

परंतु येथें एक भेद केला पाहिजे, आणि सुधारक मंडळी तो करीत नाहींत. मृताशीं बोलण्याचा एक विधि आमच्या प्रत्येक घरीं होतो व त्यास कोणी लबाडी म्हणत नाहीं. दहाव्याच्या पिंडास कावळा शिवेना कीं घरांतील वडील माणूस पुढें होतो व हात जोडून वचनें देऊं लागतो: धाकटीचें लग्न आम्ही करूं, कर्ज फेडूं, वाटणीवरून तंटा होऊं देणार नाहीं. येथें बोलतात तीं जिवंत माणसें. मृतानें फक्त होय किंवा नाहीं म्हणावयाचें. कावळा आला तर उत्तम. नच आला तर दर्भाचा कावळा करून शिववितात व मंडळी स्नान करून घरीं जातात. ह्या विधीस शेवट आहे. भगताच्या व प्लँचेटच्या बैठकीस शेवट नाहीं. तेथें प्रत्येक बैठक पुढच्या बैठकीची हमी घेऊन उठते, आणि दक्षिणाही पुन्हां पडते. श्रद्धा आणि अंधश्रद्धा ह्यांचा वाद करणाऱ्यांनीं देव आहे कीं नाहीं, भूत आहे कीं नाहीं, ह्यापेक्षां ह्या एका खुणेकडे पाहिलें तर बराच निकाल लागेल. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें अंगांत अतींद्रिय शक्ति संचरल्याचें भासवून लोकांस धाक घालणें व फसविणें यास शिक्षा सांगितली आहे. परंतु जो शोकाकुल मनुष्य आपण होऊन, धाकावांचून, दर आठवड्यास जातो त्याच्यापर्यंत कायदा सहसा पोहोंचत नाहीं.

विद्वत्ता येथें उपयोगी पडत नाहीं ह्याचीं उदाहरणें भरपूर आहेत. मायकेल फॅरेडे यानें १८५३ सालींच यंत्र लावून दाखविलें होतें कीं, आत्म्यांच्या बैठकींत टेबल हलतें तें बसणाऱ्यांच्या हातांनीं, त्यांच्या नकळत. तरी सर ऑलिव्हर लॉजसारखा पदार्थविज्ञानवेत्ता, सप्टेंबर १९१५ मध्यें मुलगा फ्लँडर्सच्या रणांगणांत पडल्यावर, निरोप्यांच्या बैठकींत जाऊन बसला व १९१६ सालीं त्यानें ‘रेमंड’ हा ग्रंथ लिहिला. अधिकाऱ्यांच्या समूहाचें एक छायाचित्र, ज्यांत मुलाच्या खांद्यावर कोणी तरी रेललें आहे, हा त्यांतील मोठा पुरावा. लढाईवर गेलेल्या कोणत्या अधिकाऱ्याचें असें छायाचित्र नसतें, हा प्रश्न त्या तीक्ष्ण बुद्धीस पडला नाहीं. उलटपक्षीं हूडिनी हा पेशानें जादूगार. त्याची आई १९१३ सालीं वारली. १९२२ मध्यें कॉनन डॉयलच्या पत्नीनें तिच्या नांवानें पानेंच्या पानें लिहून दिलीं, तीं इंग्रजींत, माथ्यावर क्रूस काढून. यहुदी धर्मगुरूची ती विधवा. इंग्रजी तिला येत नसे. हूडिनी फसला नाहीं, पण तो बैठकीस गेला होता तो आशेनेंच, हें त्याच्या पुढच्या रागावरून दिसतें.

आमच्याकडेही हें वारें आलें. थिऑसॉफीचे संस्थापक १८७९ पासून १८८२ पर्यंत मुंबईंतच ठाण मांडून होते. पुढें व्ही. डी. ऋषि यांनीं मुंबईंत इंडियन स्पिरिच्युॲलिस्ट सोसायटी चालविली. हे गृहस्थ कायद्याचे पदवीधर, म्हणजे पुरावा तोलण्याच्या विद्येंत तयार झालेले. ह्या मार्गास ते लागले ते प्रथम पत्नीच्या वियोगानंतर. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. ह्या प्रकरणांत प्रामाणिक माणसेंच अधिक भेटतात, आणि म्हणूनच तें अवघड आहे.

परंतु तोतया आणि निरोप्या हे दोघे एकाच दारांतून आंत येतात ह्याचा सर्वांत स्पष्ट दाखला इंग्लंडांतील टिचबोर्न प्रकरणांत आहे. रॉजर टिचबोर्न हा सरदारपुत्र १८५४ मध्यें जहाजाबरोबर बुडाला. प्रेत मिळालें नाहीं. त्याच्या आईस एका दिव्यदृष्टीवाल्यानें तुझा मुलगा जिवंत आहे असें सांगितलें. तिनें वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. आणि ऑस्ट्रेलियांतून वागा वागा गांवचा एक खाटीक ‘मीच तो’ म्हणून उभा राहिला. खरा रॉजर फ्रान्सांत वाढलेला. ह्यास फ्रेंच येईना. आईनें १८६७ च्या जानेवारींत त्यास पॅरिस येथें पाहतांच पुत्र म्हणून मान्य केलें. घरचा जुना नोकर बोगल त्याच्या बाजूस मिळाला, व आठवणींचा पुरवठा सुरू झाला. १८७४ सालीं त्यास चौदा वर्षांची शिक्षा झाली, तरी हजारों लोक त्याच्या बाजूनें सभा भरवीत राहिले. बोलीची अडचण, जुन्या नोकरांची साक्ष, न सांपडलेलें प्रेत, आणि सामान्य लोकांचा पाठिंबा: कोंकणची बंडाळी शंभर वर्षांनीं विलायतेंत जणूं पुन्हां घडली. फरक एवढाच कीं तेथें आईनें तोतयास मान्य केलें. पार्वतीबाईनें मात्र तोतयास पति म्हणून घरांत घेतलें नाहीं.

ह्या शेवटच्या मुद्द्यावर आमच्या वाङ्मयाची तपासणी करणें भाग आहे. नरसिंह चिंतामण केळकर यांचें ‘तोतयाचें बंड’ हें नाटक १९१३ चें. नाटककारास पात्रांच्या तोंडीं भाषणें घालावींच लागतात. पार्वतीबाईनें काय विचार केला, रात्रीं काय बोलली, हें त्यानें रचलें तर तो त्याचा हक्क आहे, आणि केळकरांनीं ह्या विषयांतील नाट्य बरोबर हेरलें याबद्दल त्यांचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. तक्रार आहे ती इतरांविरुद्ध. भाऊसाहेबांच्या बखरीपासून परवांच्या ऐतिहासिक लेखांपर्यंत तिच्या अंतःकरणाची भाषा अशा खात्रीनें लिहिली जाते कीं, लेखक तिच्या शेजारीं बसला होता असें वाटावें. कोणी तिला भोळी ठरवितो, कोणी देवता. कागदांत आहे तें फार थोडें, पण स्वच्छ आहे: तिनें सौभाग्य सोडलें नाहीं. त्यापलीकडे मृत बाईच्या तोंडून बोलणारा इतिहासकार आणि प्लँचेटवरून हात फिरविणारा निरोप्या यांच्यांत व्यवसायाचें साम्य आहे, आणि ग्राहकही एकच: कांहीं तरी ऐकण्यास आतुर झालेला.

ह्याच्या उलट एक कागद आहे, आणि तोतयाच्या प्रकरणीं त्याचा उपयोग केलेला क्वचितच आढळतो. नाना फडणिसांचें आत्मचरित्रपर टिपण. १७६१ मध्यें नाना एकोणीस वर्षांचे. मातुश्री व पत्नी यांसह पानिपतावर होते. वेष पालटून, पायीं, उपाशीं ते निसटले. पत्नी पुढें भेटली. मातुश्री त्या पळापळींत अंतरली ती पुन्हां भेटली नाहीं. पंधरा वर्षांनीं तोतयाचा निकाल लावणारा कारभारी हाच. पानिपतांत नाहीसें झालेलें माणूस परत येऊं शकतें असें मानण्याची त्यास इतरांइतकीच गरज होती. त्यानें तोतयास गुपचूप संपविलें नाहीं, पुण्यास आणविलें, भाऊसाहेबांस जवळून ओळखणाऱ्यांच्या साक्षी झाल्या, मग शासन. ह्यांत राजकारण होतेंच. परंतु बारभाईंचा मुत्सद्दी म्हणून जे नानांस वाचतात त्यांनीं तें टिपण आणि तोतयाच्या चौकशीचे कागद एकापुढें एक ठेवून वाचावे, अशी आमची सूचना आहे.

पार्वतीबाईच्या क्रियेबरोबर १७८३ मध्यें भाऊसाहेबांची जी क्रिया झाली तिच्या खर्चाच्या नोंदी त्या सालच्या रोजकीर्दींत पाहाव्या. पेण, नागोठणें, चौल, रेवदंडा व अलिबाग ह्या टापूंतील जुन्या घरांत पुरोहितांचीं दप्तरें अद्याप पुष्कळ आहेत. पानिपतांत गेलेल्यांचीं श्राद्धें कोणत्या घरीं कोणत्या सालापासून सुरू झालीं, पुतळाविधि कोणी केले व कोणी टाळले, हें त्यांतून निघेल. आणि १७७६ सालीं तोतयाकडे गेलेल्या घराण्यांचीं नांवें सरकारी जप्तीच्या यादींत आढळतात त्यांशीं तें ताडून पाहतां येईल. ज्यांच्या संग्रहीं अशीं बाडें असतील त्यांनीं तिथिवार नक्कल करून ती मंडळाकडे पाठवावी.